गॅलनला सतरा मैल

नंदुरबार, रविवार, ११ जानेवारी १९४२

बापलेकाचा अबोला सुटला: दादा आज तेरा दिवसांनी माझ्याशी बोलले. "उद्यापासून रूपचंदशेठकडे जायचं." एवढंच. जेवताना ताटाकडे बघून.

सुरतेचं कॉलेज मी का सोडलं हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगणारही नाही. रसायनाच्या प्रोफेसरांनी ब्युरेटच्या नळीवरचा आकडा चुकीचा वाचला. मी भर वर्गात तसं म्हटलं. ते म्हणाले, माफी माग. मी ब्युरेट फरशीवर आपटली आणि निघालो. आकडा माझाच बरोबर होता, मग माफी कशाची? इंटर सायन्स गेलं खड्ड्यात.

खरं म्हणजे दिवाळीनंतर सुरतेत जीव लागतच नव्हता. ही वही माझी एकट्याची, इथं लिहायला काय हरकत आहे? दिवाळीच्या सुटीत हिवतापानं पडलो तेव्हा दवाखान्यातली नर्स सोमीबाई सहा दिवस क्विनाइन द्यायला घरी यायची. नवापूरकडच्या डोंगरातली, ख्रिस्ती, मराठी अगदी शाळेतल्या पुस्तकासारखं बोलते. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाली, "एवढे मोठे झालात मुकुंदभाऊ, आमच्याकडची पोरं याहून कडू मुळ्या चघळतात." आईसमोर 'भाऊ' म्हणाली. शहाणी आहे.

सोमवार, १२ जानेवारी

शेठची मिरचीची पथारी गावाबाहेर. मिरची वाळायला पसरलेली, पायांखाली सगळं लाल, पहिला तास मी नुसता शिंकत होतो. शेठची मोटार शहादा, तळोदा, खापर, दोंडाईचा अशी बाजारांना हिंडते. आता लढाईमुळे पेट्रोल कुपनावर. मोटार एका गॅलनमध्ये किती मैल जाते त्याची वही ठेवायची, ती मामलेदार कचेरीत दाखवायची, त्यावर पुढची कुपनं मिळणार. हे माझं काम.

शेठ म्हणाले, "तू कॉलेज सोडीसन उना, पन अक्षर चांगलं शे तुन्हं. मन्ही मोटार भलती पेट्रोल पेस, असं त्या सायबले दिसाले पाहिजे. समजनं का?"

मी म्हटलं, "जेवढं पिते तेवढंच दिसेल, शेठ."

ते हसले आणि पान पुढं केलं. माझा सडेतोडपणा आवडलेला दिसतो.

डायवर नारसिंग गावित. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, तोही नवापूरकडचाच. चौथी शिकलेला. माझ्या हातातली वही बघून म्हणाला, "आते आमनी मोटार बी शाळामा जाई वाटतं."

गुरुवार, १५ जानेवारी

डोकं फिरायची पाळी आली. टाकीत काठी बुडवून ओल मोजली. परवा गॅलनला चौदा मैल, आज बावीस. तीच मोटार, तोच रस्ता! नारसिंग दात काढून म्हणतो, "भाऊ, गाडी शे ही, बैल नही, रोज सारखा चारा खावाले." मी म्हटलं, बैलाचाही चारा रोज सारखा नसतो, आणि तू मला शिकवू नकोस.

जेवण झाल्यावर कळलं. मोटार उभी राहते ती जागाच उतरती आहे. नाक खाली असलं की काठी एक सांगते, वर असलं की दुसरं. गाढव मी.

मंगळवार, २० जानेवारी

नवी रीत ठरली. पथारीच्या मधोमध मोटार उभी करायची. परातीत पाणी ठेवून जागा तपासली, सगळ्या काठाला पाणी सारखं. काठी बंद. सील न फोडलेल्या दोन-दोन गॅलनच्या डब्यांतून टाकी गळ्याशी येईपर्यंत भरायची, मैलांचा आकडा लिहायचा. पुन्हा आठ दिवसांनी तिथंच, तशीच गळ्यापर्यंत. मधल्या दिवसांत घातलेले डबे धरून जेवढं भरावं लागलं तेवढं ती प्याली. दर सोमवारी, सकाळी, ऊन चढायच्या आत, कारण तापलेलं पेट्रोल फुगतं आणि माप खोटं बोलतं. एका भरण्यावर विश्वास ठेवायचा नाही.

मिरच्या निवडणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून बघत बसतात. एकीनं विचारलं, "भाऊ, मोटारले दूध पाजतस का?" सगळ्या हसल्या. हसोत.

बुधवार, २८ जानेवारी

आज मीटरचीच चोरी धरली. शहाद्याच्या रस्त्यावर मैलाचे दगड आहेत. दगडाशी दगड जुळवून दहा मैल गेलो, मीटरनं दहा मैल चार दशांश दाखवले. म्हणजे मीटर बढाईखोर आहे. यापुढं प्रत्येक आकड्यातून तेवढं वजा. प्रकाशाला तापीच्या पात्रात वाळूवर तुराट्या अंथरून वाट केली आहे, तिथं पहिल्या गिअरमध्ये अर्धा तास घुरघुर चालते, मैल होतो जेमतेम एक. त्याचा रकाना वेगळा.

प्रत्येक दगडाशी मी थांब म्हटलं की नारसिंग थांबत होता. एकदाही चिडला नाही. शेवटी म्हणाला, "भाऊ, तुमी एखादी पोरगीवर जीव लावशात, तं तिनं काय व्हई वं माय!"

मी चपापलो. याला कसं कळलं? मग विषय बदलला.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

सोमीची बदली नवापूरच्या दवाखान्यात झाली. मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. पंधरा दिवसांनी एक रविवार सुटीचा मिळतो, एवढं इथल्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून काढून घेतलं. तिचा पहिला सुटीचा रविवार पंधरा तारखेला. लगेच पत्र टाकलं: त्या दिवशी रेल्वेनं नवापूरला येतो, थोडं बोलायचं आहे.

सोमवार, १६ फेब्रुवारी

तिचं उत्तर शनिवारीच आलं होतं. "मुकुंदभाऊ यांस, रविवारी मला काम आहे, येऊ नये. तब्येत जपावी." सुटी असून काम! दवाखान्यात माणसं राबवून घेतात अगदी. पत्र वहीत ठेवलं आहे.

आजचा आकडा: बारा मैल दोन दशांश.

गेल्या तिन्ही सोमवारी सतरा. सतरा एक, सतरा, सतरा तीन. आणि आज बारा? जागा तीच, परात तीच, ऊन नव्हतं. डब्यांची सीलं मी स्वतः फोडली. मी चुकलेलो नाही.

सोमवार, २ मार्च

मधल्या सोमवारी पुन्हा सतरा. आज बारा.

नारसिंगला विचारलं. कपड्यानं काच पुसत म्हणाला, "वाळू लागनी व्हई."

"वाळूचा रकाना वेगळा आहे."

"मंग ओझं व्हई, मिरचीना पोतं."

"पोती मी मोजली."

त्यानं कपडा खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "भाऊ, इतलं नका मोजा." आवाज धमकीचा नव्हता, तसला असता तर मी तिथंच कॉलर धरली असती. विनवणीसारखा होता. चोर असाच बोलतो.

सोमीला एक मार्चलाही काम होतं. दुसरं पत्र, तेवढंच लांब.

सोमवार, १६ मार्च

धरला!

शनिवारी कुणाला न सांगता मीटरच्या तारेच्या नटावर शिवणाचा काळा धागा गुंडाळून ठेवला. आज धागा तुटलेला. म्हणजे रविवारी तार काढतात, मोटार पळवतात, आणून पुन्हा जोडतात. चाकं फिरतात, मैल मोजले जात नाहीत. आजचा आकडा बारा एक.

हिशेब सोपा. आठवड्याचे मैल एकशे सत्तर. सतराच्या भावानं दहा गॅलन लागायला हवेत, लागले चौदा. चार गॅलन म्हणजे अडुसष्ट मैल. जाऊन येऊन. म्हणजे इथून चौतीस मैलांवर हा माणूस एक रविवार सोडून एक रविवार जातो.

नकाशा काढला, चौतीस मैलांचं वर्तुळ मारलं. दोंडाईचा आत राहतं. खापरही. वर्तुळ बरोबर नवापुरावरून जातं. आणि नवापूरच्या पुढं हद्द! पलीकडं बडोद्याचा मुलूख. हा तिकडं पेट्रोल विकतो, दुसरं काय असणार! लढाईच्या दिवसांत, जेव्हा दवाखान्याच्या गाडीलाही पेट्रोल मिळत नाही. सारं वहीत तारीखवार उतरवलं, धाग्यासकट. "डायवर नारसिंग गावित याने" असं पूर्ण नावानिशी.

२९ला रविवार. त्या दिवशी रेल्वेनं आधीच जाऊन बसतो. सोमीचीही भेट होईल. तिनंच बघावं मी काय पकडून दिलं ते.

सोमवार, ३० मार्च

काल लिहू शकलो नाही.

नवापूरला उतरलो, हद्दीकडं जायच्या आधी दवाखान्यावरून गेलो. मागं मोहाच्या झाडाखाली मोटार उभी. आमची. टपावर मोहाची फुलं पडलेली. मोटारीच्या पायरीवर एक म्हातारी पाय पसरून बसली होती, जशी घरच्या ओट्यावर बसावी. मी वही काढली, वेळ लिहिली: दहा वाजून वीस मिनिटं.

तेवढ्यात ख्रिस्ती देवळातून माणसं आली, ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार होता, हातांत शिंदीच्या फांद्या. पुढं सोमी. शेजारी नारसिंग, धुतलेला सदरा, केसांना तेल. फांदी दोघांत एकच होती.

त्यानं मला पाहिलं, मग वही पाहिली, आणि चेहरा उतरला. तिनं फक्त मला पाहिलं.

"अगं बाई, मुकुंदभाऊ! आई, हे बघा, मी सांगत होते ना, नंदुरबारचे? ही नारसिंगची आई, बुधीबाई. बसा, भाकर खाऊन जायचं. आणि बरं झालं आलात, सहा तारखेला लग्न आहे आमचं, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही यायचंच."

म्हातारीनं नागलीची भाकर माझ्या हातावर ठेवली. मी ती धरून उभा. काय बोललो आठवत नाही. नारसिंग मागून आला, "भाऊ, बठा, गाडी आते तिकडेच जास."

मी म्हणालो, "मीटर जोडल्याशिवाय मी बसत नाही."

रेल्वे चार तासांनी होती. भाकर स्टेशनावर कुत्र्याला घातली.

चौतीस मैल. मी स्वतः वर्तुळ काढलं. स्वतःच्या हातानं.

मंगळवार, ३१ मार्च

सोमी आली होती. पथारीवर, भर दुपारी, बाया मिरच्या निवडत असताना. नाकाला पदर, डोळ्यांत पाणी. मिरचीचं की कशाचं, मी विचारलं नाही.

"ती वही कुणाला दाखवलीत?"

"अजून नाही."

"दाखवू नका. शेठना माहीत आहे सगळं. त्यांनीच यांना सांगितलं, रविवारी गाडी ने, पण तार काढून ने. मैल कमी दिसले म्हणजे मोटार जास्त पिते असं होतं, त्यांना कुपनं जास्त मिळतात. यांना मला भेटायला मिळतं."

"लेखी आहे?"

"डायवरला कोण लेखी देतं, मुकुंदभाऊ?"

"भाऊ म्हणू नकोस! मी पत्रं लिहिली ती तुला कळलीच नाहीत?"

"कळली. म्हणून तर दर वेळी भाऊ लिहिलं."

बाया काम थांबवून ऐकत होत्या. मला ते दिसत होतं, तरी मी विचारलं. मी इंटर पास झालो असतो, बी.एस्सी. झालो असतो, तर?

"नारसिंग चौथी शिकलाय," ती म्हणाली. "सहा दिवस मी तुमच्याकडे येत होते. किती ग्रेन दिलं, ताप किती उतरला, एवढंच विचारलंत. माझं गाव कोणतं हेही कंपाउंडरला विचारलंत." मग हात जोडून, "हा गुन्हा झालाय लढाईच्या कायद्यानं. तुरुंग होईल. पुढं नोकरीही कुणी देणार नाही. सोमवारपर्यंत तरी थांबा. मग ते स्वतःच शेठची नोकरी सोडतील. मी शब्द देते."

मी म्हणालो, "माझ्या वहीत खाडाखोड होत नाही."

ती गेली. बायांपैकी एकीनं माझ्याकडं बघून थुंकल्यासारखं केलं, मिरचीचा ठसका असावा.

बुधवार, १ एप्रिल

वही कचेरीत दिली. नक्कल माझ्याजवळ. रागानं दिलेली नाही. रागानं द्यायची असती तर सोमवारीच दिली असती. दोन दिवस विचार केला. सरकारी पेट्रोल चोरीला जातं आणि ज्याच्याकडं पुरावा आहे त्यानं गप्प बसावं, का? तो कुणाला आवडतो म्हणून? शेठचं ती म्हणते ते खरं कशावरून? मी पाहिलेलं नाही. धागा पाहिला, तो लिहिला.

अक्षर नीट आहे.

गुरुवार, २ एप्रिल

दोन शिपाई आले तेव्हा नारसिंग मोटार धूत होता. बाही खाली केली, किल्ली शिपायाला न देता माझ्यापाशी आला. वाटलं मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाला, "ब्रेक डावी बाजूले खेचस. नवा डायवरले सांगज्या." आणि गेला.

चार वाजता शेठनी बोलावलं. तोंड पांढरं पडलेलं. नक्कल मागितली, चष्मा लावून पानन्‌पान वाचली. वाचता वाचता रंग परत आला.

"मन्हं नाव नही ना त्यामा कोठे?"

"नाही."

"मंग ठीक शे." चष्मा काढला. "भलतं बारीक लिखेल शे रे तू."

मी विचारलं, "शेठ, तुम्हीच त्याला सांगितलं होतं ना? तार काढायला?"

"मी तं बरंच काय सांगस. तुले बी सांगेल व्हतं, तू ऐकं का?" पानाचा डबा पुढं सरकवला. "त्यानी चोरी कयी, माले माहीत नव्हतं. साक्षमा इतलंच बोलजो. तुन्ही नोकरी पक्की."

पान घेतलं नाही. एवढंच केलं. त्यांच्या तोंडावर काही म्हणालो नाही. प्रोफेसराच्या तोंडावर म्हणालो होतो.

सोमवार, ६ एप्रिल

भरणं नाही. मोटार पथारीवर उभी, डायवर नाही. आज ईस्टरचा दुसरा दिवस.

आई म्हणते, "तुले काय व्हई ऱ्हायनं रे? परत ताप चढना का?" कपाळाला हात लावला. ताप नाही.

गुरुवार, ९ एप्रिल

साक्ष झाली. सगळं लिहितो, नंतर लिहिणार नाही.

मामलेदारांनी माझी वही उघडून बराच वेळ पाहिली. परातीचा मजकूर वाचून हसले. "उतार, ऊन, मीटरची चूक, सगळं धरलंय तुम्ही. इतका काटेकोर हिशेब या कचेरीत आला नसेल." सुरतेत असं एक वाक्य कुणी मला म्हटलं असतं तर मी आज तिथं असतो. छाती भरून आली, लाज वाटायला हवी होती तिथं.

"अक्षर तुमचंच? यात काही चूक?"

"एकही नाही."

"आरोपी म्हणतो की गाडी शेठच्या सांगण्यावरून नेत होता. त्याबद्दल तुम्हाला काही माहीत आहे?"

शेठ बाकावर बसलेले, घाम पुसत. नारसिंग उभा, मान वर करून माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. मैलाच्या दगडाशी मी थांब म्हणायचो तेव्हा बघायचा तसा, की आता काय सांगताय. दारातून ओसरी दिसत होती. सोमी खांबाला टेकून, म्हातारी तिच्या पायाशी बसलेली.

"शेठना माहीत होतं." तीन शब्द. शेठनी स्वतः माझ्यासमोर कबूल केलेले. जिभेवर होते. आणि मला ती शिंदीची फांदी दिसली, दोघांत एकच धरलेली.

"वहीत आहे तेवढंच मला माहीत आहे," मी म्हणालो.

तीन महिने. धुळ्याच्या तुरुंगात. शेठना ताकीद, नोकरांवर नीट लक्ष ठेवावं म्हणून.

बाहेर पडताना ओसरीवरूनच जावं लागतं. सोमीनं माझ्याकडं पाहिलं नाही. म्हातारीनं पाहिलं. तिला मी भाकर हातावर घेतलेला मुलगा एवढाच ठाऊक. साक्ष कोणत्या भाषेत झाली, कुणी काय म्हटलं, काही कळलेलं नव्हतं. उठून तिनं माझा हात धरला. खरखरीत, गरम हात.

"तू शिकेल शे बाबा. धुळं कितलं दूर?"

मला पाठ होतं. दोंडाईच्यापर्यंत मी स्वतः मोजलेलं, दगडाशी जुळवून. "दोंडाईच्यापर्यंत बावीस. पुढं चौतीस. छप्पन्न मैल."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मैल तिला काय कळणार!

"चालीसन कितला दिन?"

पायी किती दिवस लागतील, हे मी कधी मोजलं नव्हतं. तिनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं, मला ऐकू आलं नसेल असं समजून. तेव्हा सोमी पुढं झाली, तिचा हात माझ्या हातातून सोडवून घेतला आणि त्यांच्या बोलीत तिला काहीतरी सांगितलं. म्हातारीनं वळून माझ्याकडं पाहिलं. या वेळी तिनं काही विचारलं नाही.